जास्त शक्तीचे इंजिन बसवताना जुना प्रोपेलर चालेल का? व्यास आणि पिच कसे ठरवावे?

सुकाणूधर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझ्या बोटीचे इंजिन बदलायचे ठरले आहे, पण प्रोपेलरचा निर्णय काही होत नाही, म्हणून सविस्तर विचारत आहे. बोट २६ फुटी, गोल तळाची, फायबरची आहे. पाण्याच्या रेषेवर तिची लांबी २४ फूट भरते आणि माणसे, इंधन व सामान धरून वजन सहा टनांच्या आसपास जाते. सध्याचे डिझेल इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांना ३० अश्वशक्ती देते आणि त्याला २:१ चा गिअरबॉक्स आहे, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रोपेलरचा दांडा (शाफ्ट) एकदा फिरतो. प्रोपेलर ब्राँझचा, तीन पात्यांचा असून त्याचा व्यास १५ इंच आणि पिच (एका फेऱ्यात कागदावर पुढे जाण्याचे अंतर) १० इंच आहे. शांत पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडला की टॅकोमीटर (फेरे मोजणारा मीटर) २९५० फेरे दाखवतो आणि जीपीएसवर ६.३ नॉट वेग मिळतो.

नवे इंजिन ५० अश्वशक्तीचे आहे आणि तेही ३००० फेऱ्यांचेच. गिअरबॉक्स २:१ किंवा २.५:१ यांपैकी हवा तो मिळेल. विक्रेत्याचे म्हणणे असे की जुनाच प्रोपेलर ठेवावा, कारण इंजिन दमदार आहे आणि ते तो सहज फिरवील. ओळखीच्या एका जाणकाराने मात्र पिच दोन इंचांनी वाढवण्यास सांगितले आहे. मला वेगाचा फार हव्यास नाही. अडचण होते ती समोरून वारा आणि प्रवाह एकदम आला की, कारण तेव्हा बोट इंजिन ओरडत असतानाही जेमतेम पुढे सरकते, आणि दुसरी बोट ओढून आणायची वेळ आली तर हीच गत होते. या दोन सल्ल्यांपैकी कोणता मानावा, की दोन्ही बाजूला ठेवावेत?

टॅकोमीटर

विक्रेत्याचे वाक्य शब्दशः खरे आहे आणि नेमके त्यातच नुकसान आहे. ५० अश्वशक्तीचे इंजिन तुमचा १५ × १० प्रोपेलर खरोखरच सहज फिरवील. पण इंजिनाची किती शक्ती पाण्यात उतरायची हे इंजिन ठरवत नाही, प्रोपेलर ठरवतो. ठरावीक व्यासाचा आणि पिचचा प्रोपेलर ठरावीक वेगाने फिरवायला जेवढी शक्ती लागते तेवढीच इंजिनाकडून घेतली जाते, आणि तुमच्या प्रोपेलरला शाफ्टच्या दीड हजार फेऱ्यांना किती शक्ती लागते हे तुम्हीच मोजून सांगितले आहे. ३० अश्वशक्तीचे इंजिन तो २९५० फेऱ्यांपर्यंत नेते, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला त्याची भूक जवळजवळ ३० अश्वशक्तीची आहे. नव्या इंजिनावरही ३००० फेऱ्यांना त्याची भूक जवळपास तेवढीच राहील. गव्हर्नर, म्हणजे इंधन कापून फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, इंजिनाला त्याहून फार पुढे जाऊ देणार नाही आणि उरलेल्या २० अश्वशक्ती विकत घेऊन वापराविना पडून राहतील. बोट आज समोरच्या वाऱ्यात जशी अडते तशीच नव्या इंजिनावरही अडेल, फरक पडलाच तर आवाजाचा पडेल.

यातून उलट टोकाचा धोकाही ध्यानात येतो. मिळालेली शक्ती एकदम वसूल करण्यासाठी प्रोपेलर फार मोठा घेतला, तर पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन ३००० पर्यंत पोहोचणार नाही, २५००-२६०० वर अडकून बसेल. त्या ठिकाणी इंधनाचा पंप पूर्ण माप सोडत असतो, पण तेवढे इंधन जाळण्याइतकी हवा कमी फेऱ्यांना आत येत नाही. परिणाम म्हणजे काळा धूर, एग्झॉस्टचे वाढलेले तापमान, आणि काही काळाने व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा आणि इंजेक्टर यांची खराबी. बोटीच्या मागच्या फळीवर काजळीचा पट्टा दिसू लागला की बहुतेक वेळा इंजिन दोषी नसते, प्रोपेलर जड असतो.

म्हणून कसोटी एकच धरावी. बोट पूर्ण भरलेली, तळ स्वच्छ, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि अशा अवस्थेत इंजिनाने निर्मात्याने लिहिलेले कमाल फेरे गाठले पाहिजेत, शक्य झाल्यास किंचित वर, कारण तळावर शेवाळ धरले आणि वजन वाढले की हे फेरे खाली येणारच आहेत. बाकीची सगळी गणिते या कसोटीच्या जवळ पोहोचण्यासाठीच करायची असतात.

तुमच्या जाणकाराने सांगितलेल्या दोन इंच पिचबद्दल मी एवढेच म्हणेन की दिशा बरोबर आहे, पण प्रश्न आधी व्यासाचा आहे. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर घसरण न धरता किती पुढे जाईल ते अंतर, आणि तुमची तक्रार पुढे जाण्याच्या वेगाची नसून रेट्याची आहे. हळू चालणाऱ्या जड बोटीला रेटा मिळतो तो मोठ्या व्यासातून, कारण जास्त पाणी सावकाश मागे ढकलणे हे थोडे पाणी जोरात ढकलण्यापेक्षा कमी शक्तीत होते.

नौकारेखा

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात दोन मुद्द्यांची भर घालतो, आणि नंतर तुमच्याकडून काही मापे लागतील.

पहिला मुद्दा अपेक्षांचा. गोल तळाची, पाणी बाजूला सारत चालणारी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते आणि तिची व्यवहार्य वेगमर्यादा पाण्याच्या रेषेवरील लांबीवरून काढता येते: फुटांतील लांबीचे वर्गमूळ गुणिले १.३४. तुमच्या २४ फुटांसाठी हे ६.५६ नॉट येते. तुम्ही आजच ६.३ वर आहात. त्यामुळे शक्ती दोन तृतीयांशाने वाढवूनही शांत पाण्यातील वेग अर्ध्या नॉटने वाढला तरी पुष्कळ झाले असे समजावे. वर वाढणारी प्रत्येक अश्वशक्ती मागे उठणाऱ्या लाटेत जाते आणि बोटीचा मागचा भाग खाली बसू लागतो. सुदैवाने तुमची मागणी वेगाची नाही. वारा, प्रवाह आणि ओढकाम यांसाठी लागणारा जादा रेटा मात्र तुम्हाला खरोखर मिळू शकतो.

यातूनच एक गोष्ट निघते. शाफ्ट १४७५ फेऱ्यांनी फिरत असताना १० इंच पिचचा प्रोपेलर कागदावर किती वेग देतो ते काढायचे असेल, तर फेरे गुणिले पिच भागिले १२१५ केले की नॉटमध्ये उत्तर मिळते. येथे ते १२.१ नॉट येते आणि बोट चालते ६.३ ने, म्हणजे स्लिप (पाण्यातली घसरण) ४८ टक्के. हा आकडा पाहून दचकू नये. हलक्या, पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटींत स्लिप १०-१५ टक्के असते, परंतु तुमच्यासारख्या जड बोटीत ती ४० ते ५० च्या घरात असणे नेहमीचेच आहे. हे सांगण्याचे कारण असे की वेगवान बोटींसाठी लिहिलेले तक्ते वाचून काही जण स्लिप कमी करायच्या मागे लागतात आणि त्यासाठी व्यास कापून पिच वाढवतात, जे तुमच्या बाबतीत नेमके उलटे ठरेल.

दुसरा मुद्दा गिअरबॉक्सचा. तत्त्वतः २.५:१ अधिक चांगला, कारण शाफ्ट सावकाश फिरेल आणि मोठा प्रोपेलर लावता येईल. अट एकच की तो मोठा प्रोपेलर बोटीखाली मावला पाहिजे. म्हणून बोट वर घेतलेली असेल तेव्हा पुढील मापे घ्या: शाफ्टच्या मध्यापासून वर बोटीच्या तळापर्यंतचे अंतर, मध्यापासून खाली सुकाणूला आधार देणाऱ्या पट्टीपर्यंतचे अंतर, पात्याच्या पुढच्या कडेपासून पुढील खांबापर्यंतची मोकळी जागा, आणि शाफ्टचा व्यास. ही मापे हातात आल्याशिवाय कोणताही आकडा सुचवणे म्हणजे अंदाजपंचे होईल.

सुकाणूधर

बोट सध्या वरच आहे, त्यामुळे मापे लगेच घेता आली. शाफ्टच्या मध्यापासून वर तळापर्यंत पावणेदहा इंच. खाली पट्टीपर्यंत साडेनऊ इंच. पात्याच्या पुढे तीन इंचांहून थोडी जास्त जागा आहे. शाफ्ट २५ मिलिमीटरचा, स्टेनलेस स्टीलचा. जुन्या प्रोपेलरच्या मधल्या भागावर १५ × १० आणि त्यापुढे आर अशी खूण ठोकलेली आहे.

नौकारेखा

मापांबद्दल आभार. यांनी निम्मा प्रश्न सोडवला.

पात्याचे टोक आणि तळ यांच्यामध्ये व्यासाच्या किमान १० टक्के मोकळी जागा हवी, १५ टक्के असेल तर उत्तम. ती कमी पडली तर प्रत्येक पाते तळाजवळून जाताना पाण्याचा दाब तळावर आदळतो आणि बोटभर एक घुमणारा हादरा जाणवतो, जो इंजिनाखाली कितीही चांगले माउंट (हादरे शोषणारे आधार) लावले तरी जात नाही. सध्या १५ इंचांना तुमच्याकडे सव्वादोन इंच म्हणजे १५ टक्के जागा आहे. १६ इंच घेतल्यास पावणेदोन इंच उरतात, म्हणजे ११ टक्के. १७ इंच घेतल्यास सव्वा इंच उरते, म्हणजे साडेसात टक्केही नाही. तेव्हा तुमची कमाल मर्यादा १६ इंच, आणि ही मर्यादा बोटीने ठरवलेली असल्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नाही.

आता गिअरबॉक्स. २.५:१ घेतला तर शाफ्ट १२०० फेऱ्यांनी फिरेल. ५० अश्वशक्ती १२०० फेऱ्यांना चांगल्या कार्यक्षमतेने पाण्यात उतरवायची तर ढोबळ सूत्राने व्यास १९ ते २० इंच येतो. तो मावत नाही. आणि १६ इंचांतच ती शक्ती खपवायची म्हटले तर पिच व्यासापेक्षाही जास्त घ्यावा लागेल. सहा-साडेसहा नॉटने चालणाऱ्या बोटीत एवढी तिरकी पाती पाणी नीट पकडत नाहीत, विशेषतः जागेवरून सुटताना आणि ओढकाम करताना. २:१ वर शाफ्ट १५०० फेऱ्यांनी फिरतो आणि सूत्र १७ इंचांच्या आसपास येते, म्हणजे आपल्या १६ पासून थोडेच दूर. म्हणून ऐकायला २.५:१ कितीही आकर्षक वाटला तरी तुमच्या बोटीला २:१ च योग्य आहे.

व्यास १५ वरून १६ केल्याने काय होते ते पाहू. फेरे तेच असतील तर प्रोपेलरने घेतलेली शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते, आणि १६ भागिले १५ चा पाचवा घात १.३८ आहे. म्हणजे ३० अश्वशक्तीची भूक ४१ वर जाते. इंजिनाच्या ५० पैकी गिअरबॉक्समध्ये तीन-चार टक्के जातात, उरतात ४८. तेव्हा थोडी भूक पिचमधून वाढवावी लागेल. माझ्या मते १६ × ११ मागवावा.

आणखी एक गोष्ट, जी प्रोपेलरच्या चर्चेत नेहमी मागे पडते. शाफ्टवर येणारा पीळ शक्तीच्या प्रमाणात वाढतो. ३० अश्वशक्ती म्हणजे २२.४ किलोवॅट, आणि १५०० फेऱ्यांना त्याचा टॉर्क साधारण १४२ न्यूटन मीटर होतो. ५० अश्वशक्तीला तोच २३७ होतो. शाफ्टचा व्यास या वाढीच्या घनमुळाने वाढवायचा असतो, म्हणजे २५ गुणिले १.१९, जवळजवळ ३० मिलिमीटर. जुना शाफ्ट मुळातच जादा जाड निवडलेला असेल तर तो चालूनही जाईल, पण त्याच्या मिश्रधातूची खात्री नसताना मी तो ठेवणार नाही. शाफ्ट बदलला की कपलिंग (गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांचा जोड), स्टर्न ट्यूबमधील (शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीतील) बेअरिंग आणि सील हेही बदलतात, तेव्हा हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरा.

टॅकोमीटर

गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांवर माझे काहीच म्हणणे नाही, पण पिचच्या आकड्यावर आहे. पाचव्या घाताचा नियम लावताना पिच आणि व्यास यांचे गुणोत्तर कायम धरलेले असते. १५ × १० चे गुणोत्तर ०.६७ आहे, आणि तेच राखून १६ इंचांवर गेलो तर पिच आपोआप १०.७ होतो. म्हणजे जे ४१ अश्वशक्तीचे उत्तर आले ते १६ × १० चे नसून १६ × १०.७ चे आहे. त्यावरून ११ वर जाणे म्हणजे पिचमध्ये केवळ पाव-एक इंचाची भर आहे, आणि तिने ४१ चे ४४ होतील, ४८ होणार नाहीत. हिशेब सरळ धरला तर उत्तर साडेअकराच्या जवळ येते आणि ५० अश्वशक्तीसाठी पैसे मोजलेला माणूस १६ × १२ का घेणार नाही, असा माझा प्रश्न आहे. गुणोत्तर तरीही ०.७५ च राहते, जे अशा बोटीला मुळीच जास्त नाही.

नौकारेखा

गुणोत्तराचा मुद्दा मान्य आहे आणि आकडाही साडेअकराच्या जवळ येतो हे मान्य आहे. मतभेद आहे तो कोणत्या बाजूने सुरुवात करावी याबद्दल. इंजिन नवे आहे, बोट भरल्यावरचे वजन 'साधारण' सहा टन आहे, आणि ज्या कामासाठी हे सगळे चालले आहे ते ओढकामाचे आहे. बोट दुसरी बोट ओढू लागली की तिचा वेग चार नॉटवर येतो, पात्यांवर येणारे पाणी सावकाश येते, आणि त्याच फेऱ्यांना प्रोपेलरची भूक वाढते. शांत पाण्यात एकट्याने चालताना जो प्रोपेलर इंजिनाला जेमतेम ३००० पर्यंत जाऊ देतो, तोच ओढकामात त्याला २८०० च्या खाली दाबून ठेवतो. १६ × ११ घेतला तर मोकळ्या चालीत तीन-चार अश्वशक्ती वापराविना राहतील, ज्यांची किंमत वेगात पाव नॉटही नाही. अडचणीच्या वेळी मात्र इंजिन मोकळा श्वास घेईल.

शिवाय ब्राँझच्या प्रोपेलरचा पिच कार्यशाळेत इंचभर वाढवून किंवा घटवून मिळतो. चाचणीत सहजपणा जास्त दिसला तर ११ चा १२ करून घ्यावा.

टॅकोमीटर

ओढकाम अधूनमधून असेल तर माझे मत १२ च राहील, नेहमीचे असेल तर ११. हे सुकाणूधर यांनीच ठरवायचे आहे.

तेलकटहात

आकड्यांच्या गर्दीत एक साधी गोष्ट निसटते आहे. जुन्या प्रोपेलरवर आर खूण आहे, म्हणजे तो उजव्या हाताचा आहे. बोटीच्या मागे उभे राहून पाहिले असता पुढे जाताना तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. नव्या गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट पुढच्या गिअरमध्ये कोणत्या दिशेने फिरतो हे मागणी नोंदवण्यापूर्वी त्याच्या माहितीपुस्तकात पाहा, कारण काही गिअरबॉक्स इंजिनाच्याच दिशेने फिरवतात आणि काही उलट दिशेने. दिशा उलटी निघाली तर डाव्या हाताचा प्रोपेलर लागेल, आणि मग धक्क्याला लावताना रिव्हर्समध्ये बोटीचा मागचा भाग आजवर ज्या बाजूला सरकत होता त्याच्या विरुद्ध बाजूला सरकेल. हे आधी माहीत असलेले बरे.

शाफ्ट बदलणार असाल तर प्रोपेलर मागवताना टेपर, म्हणजे प्रोपेलर बसतो त्या शाफ्टच्या टोकाचा निमुळता उतार, कोणता हेही लिहून द्या. १:१० चा टेपर आणि १:१६ चा टेपर डोळ्यांना सारखेच वाटतात आणि एकमेकांवर बसतच नाहीत. नवा प्रोपेलर आला की आधी चावी (प्रोपेलर शाफ्टवर घसरून फिरू नये म्हणून खाचेत बसवायची धातूची पट्टी) न लावता टेपरवर निळ्या शाईचा अगदी पातळ थर फासावा, प्रोपेलर हाताने दाबून थोडा फिरवावा आणि काढून आतला भाग पाहावा. निळा रंग सगळीकडे सारखा लागला असेल तर बसणी चांगली. केवळ एका कडेला वर्तुळ उमटले असेल तर बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून ती जुळवून घ्यावी लागते. त्यानंतर शाफ्टवर प्रोपेलर कुठवर चढला तेथे पेन्सिलीने रेघ मारावी आणि चावी लावून पुन्हा चढवावा. तो त्याच रेघेपर्यंत आला पाहिजे. अलीकडेच थांबला तर चावी उंच आहे आणि प्रोपेलर टेपरवर न बसता चावीवर लटकला आहे, आणि अशा वेळी नट कितीही आवळला तरी काही उपयोग होत नाही.

लाटेवरचा

चार पात्यांचा पर्याय कोणीच मांडला नाही. व्यास १६ इंचांवर अडला आहे आणि शक्ती दोन तृतीयांशाने वाढते आहे, तर तेवढ्याच वर्तुळात पात्यांचे क्षेत्रफळ वाढवणे हाच मार्ग उरतो ना? तीन पात्यांवर एवढा भार टाकला तर कॅव्हिटेशन होणार नाही का?

नौकारेखा

रास्त प्रश्न आहे. पात्याच्या पुढच्या बाजूवर दाब इतका उतरतो की पाणी नेहमीच्या तापमानालाच वाफेचे बुडबुडे धरते, आणि ते फुटताना धातूला खड्डे पाडतात, ते कॅव्हिटेशन. पृष्ठभागावरून हवा ओढली जाऊन फेरे अचानक वाढतात तो प्रकार वेगळा आहे. पाती जितकी लहान आणि रेटा जितका मोठा तितका कॅव्हिटेशनचा धोका वाढतो हे खरे. परंतु १६ इंच व्यास आणि १५०० फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ३२ मीटर येतो. हा वेग काळजी करण्याजोगा नाही पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. रुंद पात्यांचा, म्हणजे वर्तुळाच्या निम्म्याहून थोडे अधिक क्षेत्र पात्यांनी व्यापलेला तीन पात्यांचा प्रोपेलर येथे पुरेल. अरुंद पात्यांचा स्वस्त नमुना घेऊ नये.

चार पात्यांनी हादरा कमी होईल, आणि तळापासून ११ टक्केच जागा उरत असल्यामुळे हा फायदा लहान नाही. कार्यक्षमतेत किंचित तोटा होतो. तो मार्ग घेतल्यास पिच तीन पात्यांच्या मानाने अंदाजे एक इंच कमी धरावा, म्हणजे येथे १६ × १० किंवा १०.५. माझी पसंती विचाराल तर सुकाणूच्या पुढे जाड खांब असलेल्या बोटीत मी चार पातीच निवडीन, कारण खांबामागच्या मंद पाण्यातून पाते जाताना बसणारा झटका चार पात्यांत विभागला जातो.

सुकाणूधर

सर्वांचे मनापासून आभार. ओढकाम क्वचितच होते, पण समोरचा वारा जवळजवळ नेहमीचा आहे, त्यामुळे मी २:१ गिअरबॉक्स, ३० मिलिमीटरचा शाफ्ट आणि रुंद पात्यांचा १६ × ११ या निर्णयावर आलो आहे. शेवटचे विचारतो. पाण्यात उतरल्यावर पिच कमी आहे की जास्त हे नेमके कसे ओळखावे? आणि नेहमीच्या चालीत इंजिन किती फेऱ्यांवर ठेवावे?

टॅकोमीटर

आधी टॅकोमीटरचीच परीक्षा घ्या. अल्टरनेटरवरून चालणारे टॅकोमीटर शंभर-दीडशे फेऱ्यांनी चुकणे ही रोजची गोष्ट आहे, आणि पिचचा एक इंच म्हणजे इंजिनाचे साधारण दीडशे ते दोनशे फेरे, तेव्हा एवढ्या चुकीत निष्कर्ष पूर्ण उलटा होऊ शकतो. क्रँकच्या पुलीवर चमकत्या पट्टीचा छोटा तुकडा चिकटवून हातातल्या प्रकाशाच्या टॅकोमीटरने फेरे मोजा आणि पॅनेलवरचा आकडा शेजारी लिहून ठेवा.

मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन तापल्यावर, थ्रॉटल पूर्ण उघडून गव्हर्नर कुठे थांबवतो ते पाहा. ३००० फेऱ्यांच्या इंजिनात हा आकडा बहुधा ३१५० ते ३२०० च्या दरम्यान असतो. हा आकडा हाताशी असणे फार महत्त्वाचे आहे. पाण्यात बोट पूर्ण भरून, खोल पाण्यात, दोन्ही दिशांना पूर्ण थ्रॉटलवर काही मिनिटे चालवा. फेरे ३००० ते ३०५० वर स्थिरावले तर जोडी जमली. ३१०० किंवा त्याहून वर गेले तर गव्हर्नर इंधन कापू लागला आहे, इंजिन पूर्ण शक्ती देत नाही आणि पिच वाढवायला जागा आहे. तेव्हा १२ करून घ्या. २९०० च्या खाली अडकले आणि काळा धूर दिसला तर पिच कमी करायला हवा, थोडे दिवस चालवून पाहू असे म्हणू नये. उथळ पाण्यात ही चाचणी करू नका, कारण तळ जवळ असला की बोटीचा प्रतिकार वाढतो आणि फेरे खोटे खाली येतात.

नेहमीच्या चालीबद्दल: प्रोपेलरची भूक फेऱ्यांच्या साधारण घनाने बदलते. ३००० च्या ८० टक्के म्हणजे २४०० फेऱ्यांवर ती पूर्ण शक्तीच्या निम्म्यावर येते. तुमच्या बाबतीत ते सुमारे २५ अश्वशक्ती झाले, आणि सहा टनांच्या बोटीला सहा नॉट देण्यास ते भरपूर आहेत. २२०० ते २५०० या पट्ट्यात चालवा आणि मधूनमधून काही मिनिटे इंजिनाला पूर्ण भार द्या. सतत अगदी हलक्या भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनात सिलिंडर गुळगुळीत होऊन तेल खाणे सुरू होते.

तेलकटहात

चाचणीच्या आधी नवा प्रोपेलर बसवून बोट एक-दोन दिवस पाण्यात राहू द्या, आणि इंजिन व शाफ्ट सरळ एका रेघेत आहेत का हे कपलिंगपाशी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पुन्हा तपासा. जमिनीवर जुळवलेली रेघ बोट तरंगू लागली की थोडी हलते, आणि ३० मिलिमीटरचा शाफ्ट २५ च्या मानाने दुपटीने ताठ असल्यामुळे तो ही चूक वाकून सामावून घेत नाही, सरळ बेअरिंगवर टाकतो. कपलिंगच्या चारही बाजूंना फटीतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आला की मगच पूर्ण थ्रॉटलला हात घाला.